आषाढातली मरळ

तिवशाजवळच्या आमच्या गावात तलावावर बंदीची पाटी लागली ती एकसष्ट साली. आषाढ-श्रावणात मासेमारी बंद. एरवी हौशी माणसानं खुशाल गळ टाकावा, पण दिवसाला दोनच मासे न्यावेत. या पाटीसाठी मी अमरावतीच्या कचेऱ्यांचे जिने झिजवले आहेत, तेव्हा नियम कशाला असतो हे मला कोणी शिकवू नये. पावसाळ्यात मासळी पिलं घालते. तेव्हाच ओरबाडली तर पुढं गावानं काय चिखल खावा?

राखणीला मच्छीमार संस्थेनं देवमनला ठेवलं. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर. ज्या तलावाच्या वरच्या घाटावर त्याच्या बापाला पाय ठेवू देत नव्हते, त्याच तलावाच्या पाळीवर तो काठी घेऊन बसू लागला. पुष्कळांना ते खुपलं. टांगेवाला पुंजाराम जाता जाता टोमणा मारायचा, "काहो देवमनबुवा, मानसाची जात इचारून गळ टाकू देता का?"

"जात नाई, महिना इचारतो," देवमन म्हणायचा.

दुसऱ्याच आषाढात त्याची लेक वच्छला बाळंतपणाला घरी आली. पोरगी झाली, पण दूध उतरेना. देवमनच्या बायकोनं, पंचफुलाबाईनं, अळिवाची खीर केली, शेपू केला, काही उपयोग नाही. आमच्याकडे बाळंतिणीला मरळीचा रस्सा पाजतात. अन् मरळ होती ती बंद तलावात, नवऱ्याच्या काठीखाली. एक मरळ आणा, असं पंचफुलाबाई एकदाच बोलली म्हणे. मग तिनं नवऱ्याशी बोलणंच टाकलं.

त्या रविवारी अमरावतीचा एक साहेब पुंजारामच्या टांग्यातून उतरला. विलायती गळ, छत्री, डबा. देवमननं पाटी दाखवली. साहेब म्हणाला, संस्थेच्या सेक्रेटरीशी बोलणं झालंय. देवमन खात्री करायला गावात गेला. सेक्रेटरी खुशालराव घरी नव्हते. परत येतो तर दोन मरळी पाळीवर तडफडत होत्या. पाण्यात लाल पिलांचा पुंजका राखण करणाऱ्या आईबापांविना भिरभिरत होता.

देवमननं मासे जप्त केले. साहेब चिडला, मग समजुतीवर आला. पुंजारामनं त्याला घरातली अडचण सांगितली असावी. एक तू ने, एक मी नेतो, लेकीला रस्सा पाज, कोण पाहतंय, असं म्हणाला.

पुंजाराम सांगतो, देवमननं मरळीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "हे घरी नेली, साहेब, तं उद्या मी कोन्या तोंडानं कोनाले अडवू?"

जप्त माल संस्थेकडे जमा करायचा, असा नियम. मीच घातलेला. देवमननं दोन्ही मरळी खुशालरावांच्या ओट्यावर नेऊन ठेवल्या.

संध्याकाळी तिथंच त्या मरळींचं कालवण झालं. पंगतीला तो साहेबही होता.

मला कळलं तेव्हा मी खुशालरावांच्या दारात जाऊन गल्ली गोळा होईस्तोवर भांडलो. ते सुपारी कातरत म्हणाले, "नासल्या असत्या ना, भाऊ. फेकाच्या व्हत्या का?" या माणसांशी भांडून घसा तेवढा बसतो.

तसाच तणतणत देवमनकडे गेलो. तो अंगणात शेळीचं दूध पाण्यात मिसळून कापसाच्या बोळ्यानं नातीला पाजत होता. सगळं ऐकून त्यानं एवढंच विचारलं, "देवमननं नेली, असं तं कोनी म्हनत नाई ना?"

मी म्हटलं, नाही.

"मंग झालं," तो म्हणाला, अन् बोळा पुन्हा बुडवला. चुलीपाशी पंचफुलाबाईनं पाठ फिरवली.

वच्छलाला दूध शेवटपर्यंत उतरलं नाही. पोरगी शेळीच्याच दुधावर तगली. पोळ्याआधीच जावई येऊन दोघींना घेऊन गेला.

बंदी उठली त्या सकाळी देवमननं स्वतः गळ टाकला. दोन मरळी लागल्या. तिसरी लागली ती त्यानं सोडून दिली. पाळीवर तेव्हा माझ्याशिवाय कोणी नव्हतं. दोन घेऊन तो घरी गेला. पंचफुलाबाईनं त्या राख लावून निवडल्या, शिजवल्या, त्याच्यापुढं ताट ठेवलं अन् विचारलं, "आता कोनाले वाढू?"