पाचव्या शीलापाशी

आमच्यात नवस बोलायची सोय नाही. बुद्ध म्हणजे मागितलं की देणारा देव नव्हे, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं बसलेलं. मग मार खाऊन उठल्यावर हाक मारायची तरी कुणाला, हा प्रश्न हैदराबादेत कुकटपल्लीच्या आमच्या दोन खोल्यांत मला कैक वेळा पडला. मी मुळातच चौकस बाई. उत्तर मिळेपर्यंत मला चैन पडत नाही.

नवरा चांगल्या कंपनीत नोकरीला. रोज पिणार, आणि प्यायला की हात उचलणार. एका शनिवारी तर सात वर्षांच्या लेकीसमोर त्याने माझा गळा धरला. मरते की काय वाटलं. आणि रविवारी सकाळी पांढराशुभ्र शर्ट घालून हा आम्हा दोघींना घेऊन विहारात वंदनेला हजर! तिथं सतरंज्या घालण्या-उचलण्यात तोच पुढे. बायका मला म्हणायच्या, नशीबवान आहेस गं.

वंदनेत आम्ही सगळे मिळून पंचशील म्हणतो. पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. तो ते खणखणीत म्हणायचा आणि माझी जीभ नेमकी तिथंच अडायची. चार शीलं म्हणून मी पाचव्याला गप्प. एवढ्या आवाजांत कुणाला कळणार होतं?

त्या रविवारी मात्र कळलं. नारायणगुड्याच्या एक मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी कुकटपल्लीत आल्या होत्या आणि तीन रविवार माझ्या शेजारी बसत होत्या. खीर वाटायच्या निमित्ताने त्यांनी मला आत स्वयंपाकघरात नेलं. "पाचव्याला गप का होतीस गं, माय?"

"घसा बसलाय," मी म्हणाले.

त्यांनी माझा पदर हळूच बाजूला केला. "बोटं उमटलीत, लेकरा. मी जन्मभर नर्स होते. आज त्या घरी जायचं नाही."

मी ढसाढसा रडले. तो पुढे सतरंज्या गुंडाळत होता, तोवर लेकीला घेऊन आम्ही मागच्या दाराने ऑटोत बसलो. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी खुणा लिहून घेतल्या. महिला मदत केंद्रात आसरा मिळाला, पोलिसांना सोबत नेऊन घरून कागदपत्रं आणली. पुढे कोर्टाने त्याला आमच्याकडे फिरकायलाच मनाई केली.

पण माझं कुतूहल काही शमेना. एवढ्या जणांत माझंच गप्प बसणं मावशींना ऐकू आलं कसं? एका दुपारी नारायणगुड्याला त्यांच्यासोबत भाजी निवडताना विचारून टाकलं.

"त्यात काय! बावीस वर्षं मीबी तिथंच गप होत होते. शेजारच्या बाईनं कधी विचारलं नाही, बस्स."

याला कृपा म्हणायचं की काय, मला अजून कळलेलं नाही. सोसत राहणं म्हणजेच शरण जाणं, असं मी वेडी धरून चालले होते. विचारणाऱ्या बाईला पदर बाजूला करू दिला, तेव्हा मी खरी शरण गेले. मावशींचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. आता मी पाचही शीलं मोठ्याने म्हणते, पण पाचव्याला माझा एक कान शेजारणीकडे असतो.