साडेतीन बोटांचे मिस्त्री

"मोजा!"

वर्कशॉपच्या दारात उभं राहून मिस्त्री डावा हात वर करायचे आणि अकरावीचा वर्ग एका सुरात ओरडायचा, "एक, दोन, तीन, साडेतीन!" अंगठा, दोन बोटं आणि तिसऱ्याचं अर्धं. करंगळीच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी. मग मिस्त्री म्हणायचे, "आता आपापले मोजा. आणले तेवढे घरी गेले पाह्यजे." तास संपला की पुन्हा मोजणी. जो मोजायला कंटाळला त्याच्या कानाखाली जाळ.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. गावातही कोणी घेत नसे. घाटंजीत मिस्त्री बरेच, पण नुसतं मिस्त्री म्हटलं की हेच. सन साठ-एकसष्टचा सुमार असेल. आमच्या हायस्कूलवर 'बहुउद्देशीय' अशी पाटी लागली आणि सरकारकडून लोखंड कातायचा एक जुना लेथ आणि तो फिरवायला खोकणारं डिझेल इंजिन आलं. चालवायला माणूस नव्हता. गावातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये वीस वर्षं फिटरकी करून घरी बसलेले हे गृहस्थ हेडमास्तरांनी आणले. मी मराठी शिकवायचो. माझा वर्ग वर्कशॉपच्या भिंतीला भिंत लागून. मी कविता म्हणायला लागलो की पलीकडे हातोडा सुरू. दोन वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मारकुटा माणूस. तुम्ही म्हणाल, तेव्हा सगळेच मास्तर मारायचे. मारायचे, पण छडीनं, हिशेबानं मारायचे. मिस्त्रींचा हात कधी सुटेल याचा नेम नसे. एका पोरानं चालू लेथवर वाकून सदऱ्याच्या बाहीनं घाम पुसला. मिस्त्रींनी त्याला मागून मानेला धरून असा फेकला की तो टेबलाखालून निघाला. त्याचा बाप दुसऱ्या दिवशी तुतारी घेऊन आला. तुतारी म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी. "काहून मारलं माह्या पोराले?" मिस्त्रींनी बोलायच्या ऐवजी डावा हात त्याच्या नाकासमोर धरला. बापानं हात पाहिला, लेथ पाहिला, आणि वळून पोराच्या दुसऱ्या गालावर स्वतःची एक ठेवून दिली.

यवतमाळहून शिक्षणाधिकारी तपासणीला आले तेव्हाची गोष्ट तर गावभर झाली. साहेब टाय लावून. लेथ कसा चालतो ते पाहायला वाकले. टायचं टोक फिरत्या दांड्याजवळ लोंबायला लागलं. मिस्त्रींनी एका हातानं टाय धरला, दुसऱ्या हातानं पत्रा कापायची कात्री उचलली, आणि कचकन! साहेब लालबुंद. हेडमास्तर पांढरे. मिस्त्री टायचा तुकडा साहेबांच्या हातात देऊन म्हणाले, "टाय नवी येते साहेब. मान नाही येत."

साहेब तसेच जीपमध्ये जाऊन बसले. आम्ही महिनाभर मिस्त्रींच्या हकालपट्टीची वाट पाहत होतो. काही झालं नाही.

आमच्या शाळेत जानेवारीत प्रदर्शन भरायचं. अकरावीच्या प्रत्येकानं एक विषय घ्यायचा, त्याचा शोध घेऊन निबंध लिहायचा. साहित्य, समाज, विज्ञान, व्यापाराचा इतिहास, यातलं काहीही. प्रमुख मी. चाळीस पोरांतल्या तीस जणांनी 'विज्ञान : शाप की वरदान' हाच विषय घ्यायचा, हा नेम. मी ते गठ्ठे तपासत बसलो की मिस्त्री बिडी पेटवून शेजारी बसायचे.

"मास्तर, हा शाप देऊन कोण राह्यलं?"

"कोणी देत नाही हो. म्हणायची पद्धत आहे."

"मंग तसं लिहा ना. कोणी देत नाही म्हून."

त्या वर्षी एकच निबंध वेगळा आला. केसर नावाची मुलगी होती. बंजारा तांड्यावरची, चार मैल चालत येणारी, तिच्या तांड्यातून अकरावीपर्यंत पोचलेली पहिलीच. तिनं विषय घेतला होता, 'आमच्या गावचा जिनिंग कारखाना'. निम्म्या निबंधात इतिहास होता. तिचा पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ न् धान्य लादून मुलखात फिरायचा, रेल्वे आली आणि तो धंदा बसला, तांडा शेतीला लागला, मग जिनिंग उभं राहिलं आणि तांड्यातल्या बाया तिथं कामाला जाऊ लागल्या. शेवटच्या पानावर हे होतं :

"माझी याडी, म्हणजे आई, जिनात काम करत होती. तिची ओढणी इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात गेली. ओढणीबरोबर याडी गेली. मिस्त्रींनी पट्टा हाताने ओढला. त्यांची बोटे तुटली. इंजिन थांबले तेव्हा याडीचे डोके पुलीत होते. कारखान्याने लिहिले की चूक बाईची, ओढणी लांब होती. त्या पट्ट्याला जाळी नव्हती. आजही नाही. तिथे आता माझी काकी बसते."

मी वही मिटली. वर्कशॉपच्या कोपऱ्यात लोखंडी पट्ट्यांची एक पुरुषभर उंचीची जाळी दोन वर्षं उभी होती. मी तिला कोंबड्यांचा पिंजरा समजत होतो. मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "त्या पट्ट्याच्या मापाची हाय. नेऊन दिली व्हती. मॅनेजरनं वापस धाडली. जाळी असली का पट्टा चढवाले येळ लागते म्हणे." एवढंच बोलले आणि कानस घासायला लागले.

आता माझं पाप ऐका.

प्रदर्शनाचे पाहुणे कोण? जिनिंगचे शेठजी. शाळेच्या कमिटीचे अध्यक्षही तेच. निबंध वाचून दाखवायचा मान केसरला द्यायचं हेडमास्तरांनी ठरवलं होतं, कारण तिचं अक्षर आणि वाणी दोन्ही चांगली. मी रात्रभर घाबरलो आणि सकाळी लाल शाईची दौत घेऊन बसलो. पट्ट्याचं केलं 'काळाचे निर्दय चक्र'. पुलीचं केलं 'नियतीचा जबडा'. मिस्त्रींना वगळलं, काकीला वगळलं. आणि 'त्या पट्ट्याला जाळी नव्हती. आजही नाही.' ही दोन वाक्यं सरळ खोडून टाकली. वर केसरला म्हणालो, "भाषा सुधारली आहे गं. आता साहित्य झालं."

ती वही घेऊन गेली.

प्रदर्शनाच्या दिवशी मांडवात तीनशे माणसं. केसर वाचत होती आणि बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. नियतीचा जबडा आला तेव्हा खुद्द शेठजींनी रुमाल काढला. काय सांगू, माझी छाती फुगली होती! टाळ्या पडल्या आणि त्या टाळ्यांतून मागून आवाज आला, "जाळी कुठं गेली?"

मिस्त्री खुर्च्यांमधून पुढं येत होते.

"केसर, बाई, तू मले वाचून दाखोलतं त्यात जाळी व्हती. कोणं काढली?"

केसरनं माझ्याकडं पाहिलं. मी उठलो. "मी काढली. मिस्त्री, बसा खाली. भाषा जरा सुधार..."

शब्द पुरा झाला नाही. डाव्या हाताची अशी बसली की चष्मा शेठजींच्या पायाशी जाऊन पडला आणि मी हारांच्या टेबलावर. माझ्या बापानं मला कधी इतक्या जोरानं मारलं नव्हतं.

मग शेठजींची माणसं उठली. जिनिंगचा चौकीदार आणि जीपचा ड्रायव्हर. दोघांनी मिस्त्रींना मांडवातून ओढत पटांगणात नेलं. पहिल्या लाठीला ते गुडघ्यावर आले. दुसरी खांद्यावर, तिसरी तोंडावर. दात तुटल्याचा आवाज मला चष्म्याशिवायही आला. कोणी पुढं झालं नाही. मीही नाही. मी चष्मा शोधत होतो. खरंच शोधत होतो की काय, मला माहीत नाही.

रक्तानं भरलेल्या तोंडानं मिस्त्रींनी डावा हात वर केला आणि ओरडले, "मोजा!"

आणि पोरांनी मोजलं हो! सवय! चाळीस पोरं पटांगणात उभी राहून ओरडली, "एक, दोन, तीन, साडेतीन!" चौकीदाराची लाठी वर होती तिथंच थांबली. त्या शांततेत केसर मंचावरूनच बोलली. वहीकडं न पाहता. "त्या पट्ट्याला जाळी नव्हती. आजही नाही. तिथे आता माझी काकी बसते."

शेठजी जीपमध्ये बसून गेले.

घरी आलो तेव्हा बायकोनं कंदील गालाजवळ धरला. "अगं बाई, हे काय हो? बोटं उमटली आहेत." मग तिनं मोजली. अर्धं बोटसुद्धा स्पष्ट होतं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला कागद दिला. "काय घडलं ते लिहून द्या. कमिटीकडं आणि वर शिक्षणाधिकाऱ्यांकडं जाईल." मला कळलं, मी जे लिहीन त्यावर या माणसाची नोकरी. पहिल्यांदा आयुष्यात मी हिंमत केली, असं मला वाटलं. लिहिलं : गर्दीत माझा पाय घसरला व मी पडलो. मिस्त्रींनी मला मारले नाही.

मिस्त्री दवाखान्याच्या ओसरीत पडले होते. तोंड सुजून भोपळा. मी अभिमानानं कागद वाचून दाखवला. ते उठून बसले. कागद घेतला आणि फाडला.

"मास्तर, पुन्हा सुधारली भाषा?"

"अहो, तुमची नोकरी जाईल!"

"जाऊ द्या. मारलं तं मारलं लिहा. काहून मारलं ते लिहा. कोणते शब्द कापले ते लिहा. पट्टा उघडा हाय तं उघडा हाय लिहा." त्यांना बोलताना रक्त येत होतं. "माह्यासाठी खोटं कायले लिहिता? केसरची याडी तुमच्या सुधारण्यानं दोनदा मेली, मास्तर."

ओसरीत बसून मी तिथंच ढसाढसा रडलो. चाळिशी उलटलेला माणूस. मिस्त्रींनी रडू दिलं. मग स्वतःच्या उशाखालची पेन्सिल काढून दिली. "लिहा."

लिहिलं. मिस्त्रींनी मला सर्वांसमोर थप्पड मारली. कारण मी विद्यार्थिनीच्या निबंधातली वाक्ये कापली. ती वाक्ये अशी. खाली तिन्ही लिहिली, काकीसकट. एक विशेषण नाही. सही केली.

आठवड्यात मिस्त्रींना काढलं. शिक्षकावर हात टाकला, माझ्याच सहीनं सिद्ध होतं. त्यांचा एक भाऊ नेरला बस दुरुस्तीचं काम करायचा, तिकडं गेले. स्टँडवर मी गेलो होतो. गाडी हलली तेव्हा खिडकीतून डावा हात बाहेर आला. मी मोजलं. मोठ्यानं. लोक पाहत होते, पाहू दे.

कागद मात्र वर गेला. यवतमाळला तो कोणाच्या टेबलावर पडला असेल? टाय कापलेल्या साहेबांच्या. त्यांनी त्याची एक नक्कल काढून थेट कारखाने तपासणाऱ्या खात्याकडं धाडली, असं पुढं हेडमास्तरांकडून कळलं. पावसाळ्याच्या आधी तपासनीस आला. त्यानं विचारलं, पट्ट्याला जाळी का नाही? मॅनेजर म्हणाला, मापाची मिळत नाही. मग मी तपासनिसाला शाळेतली जाळी दाखवली आणि जिनिंगचेच दोन गडी येऊन कोपऱ्यातला तो 'कोंबड्यांचा पिंजरा' उचलून घेऊन गेले. बोल्टाच्या भोकांसकट बरोबर बसला. केसर आणि मी पाहायला गेलो. तिची काकी पट्ट्याला पाठ करून सरकी निवडत बसली होती. ओढणी जाळीला लागून लोंबत होती, आत जात नव्हती. केसरनं काकीच्या ओढणीला हात लावला आणि बराच वेळ तो तिथंच ठेवला.

मी नेरला कार्ड टाकलं. तीन फाडली, चौथं टाकलं. 'पट्ट्याला जाळी बसली. मी पाहिली.' उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षी कापसाच्या हंगामात एके दिवशी जिनिंगचा चौकीदार शाळेत आला. तोच, लाठीवाला. दारात चपला काढून उभा राहिला.

"मास्तर, मिस्त्री आलते सकाळी. मले म्हणे, आत जाऊ देतं का बे? मी कसा नाही म्हणू? सोडलं. गेले, जाळीच्या फटीत बोटं घालून पाह्यले. साऱ्या फटीत. जात नाही म्हणे. हसले. दात नाही ना आता, बरं नाही दिसत हसताना."

"मग? मला भेटायला का नाही आले?"

"मी म्हणलं भेटून घ्या. तं म्हणे नाही, गाडीचा टाइम झाला. निस्तं इचार मास्तरले, गाल दुखते का अजून."

माझा हात आपोआप गालाकडं गेला. केसर पुढं ज्या शाळेत शिकवायला लागली त्या शाळेचा रस्ता नेरवरूनच जायचा. तिच्याकडूनच दोन वर्षांनी कळलं की मिस्त्री गेले, बसखालीच काम करता करता, जॅक सरकून. पण ते नंतरचं. त्या दिवशी मी चपला न घालता स्टँडकडं पळत सुटलो होतो. दुखतो, एवढं एकच सांगायचं होतं. नेरची गाडी निघून गेली होती.