घरचा ईमेल

आमच्या माण गावात घराला एक लाइटचं मीटर असतं, तसा घराला एक ईमेल असतो. आमचा सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या फोनमध्ये आहे. खोल्यांचे भाडेकरार करताना चौकातल्या झेरॉक्सवाल्याने तो काढून दिला. त्याचा पासवर्ड काय ठेवला हे तो विसरला आणि आबांनी कधी विचारलं नाही. लाइटबिल, भाडेकरूंची कागदपत्रं, पोरांची शाळा, सगळं त्याच मेलवर. मला घरबसल्या काम मिळालं तेव्हा मीही तोच दिला. आपला वेगळा काढावा हे सुचलंसुद्धा नाही.

काम होतं सॉफ्टवेअरमधलं मराठी तपासायचं. बटणावर काय लिहावं, काही चुकलं तर माणसाला कोणत्या शब्दांत सांगावं, असलं. ते कंपनीच्याच एका टूलमध्ये करायचं, आणि त्या टूलला पासवर्ड होता. तो मी ठेवलेला. आमच्याकडे कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला, गाडीची नवऱ्याच्या खिशात. माझ्या एकटीचं म्हणावं असं घरात तेवढंच होतं. तो टाइप करताना मला दर वेळी जरा बरं वाटायचं.

एका सकाळी टूल उघडलं तर पासवर्डची चौकटच गायब. ‘आता पासवर्ड लक्षात ठेवायची कटकट नाही! ईमेल टाका, आम्ही कोड पाठवतो.’ उद्गारचिन्हासकट. कुणाची कटकट? मी तक्रार केली होती का? हे ज्याने ठरवलं त्याचा मेल त्याच्या खिशात असणार. माझा कोड आबांच्या सदऱ्याच्या खिशातून चौकात चहाला गेला होता.

मी फोन केला. “आबा, मेलवर सहा आकडे आलेत, तेवढे सांगा की.”

“ओटीपी व्हय? त्यो सांगायचा नसतुया.”

“आवो, मी बोलतीया. तुमची सून.”

“बँकेतला साहेब काय म्हणला? कुणालाबी न्हाई. कुणालाबी म्हंजे कुणालाबी.” आणि फोन ठेवला.

पुन्हा कोड मागवून फोन केला, तर तो त्यांनी पुसूनच टाकला होता. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. मेलखाली लिहिलेलं असतं, ‘ही विनंती तुम्ही केली नसेल तर या मेलकडे दुर्लक्ष करा.’ त्यांनी केली नव्हती, त्यांनी दुर्लक्ष केलं. ते वाक्य मीच तपासून दिलं होतं. आधी तिथे ‘इग्नोर करा’ होतं. मी मोठ्या हौसेने ‘दुर्लक्ष’ घातलं. कपाळ माझं!

तेवढ्यात काम देणाऱ्या बाईंचा मेसेज आला. दुपारपर्यंत फाइल आली नाही तर ती दुसऱ्याला जाईल, आणि यापुढची कामंही. नवरा घोटावड्याला कंपनीत, पहिल्या पाळीला. त्याला फोन लावला तर म्हणतो, “पासवर्ड गेला ते बरंच झालं की. आबा येत्याल संध्याकाळी.” संध्याकाळी! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वर्षभर धडपडून मिळवलेलं काम हातातून चाललं होतं आणि घरात कुणाच्या चहाचा घोटसुद्धा अडला नव्हता.

मी माझ्या फोनवर स्वतःच्या नावाचा ईमेल काढला. तो इतका पटकन निघाला की आणखीच चीड आली. मग गाऊनवर ओढणी टाकली, लॅपटॉप काखेत मारला आणि तशीच चौकात गेले. टपरीसमोरच्या बाकावर आबा आणि त्यांच्या वयाची दोघं-तिघं बसलेली. मला बघून आबा अर्धवट उठले.

“काय झालं? कोण आजारी हाय का?”

“कोण न्हाई. फोन द्या.”

“घरी जा तू. आलोच मी.”

“न्हाई. माझं काम तुमच्या खिशात अडकलंय. फोन द्या आदी.”

कुणीतरी फिसकन हसलं. आबांनी मान खाली घालून फोन पुढे केला. कोड मागवला, टाकला, टूल उघडलं. फाइलला हात लावायच्या आधी मी खात्याचा ईमेल बदलायला घेतला. त्याला जुन्या मेलची परवानगी लागते. तोवर आबांनी फोन परत घेतला होता, आणि ते एकेक शब्द मोठ्याने वाचायला लागले.

“वेगळा मेल? ह्यो घरचा हाय की.”

“घरचा हाय म्हणूनच.”

“असं काय येनार हाय त्याच्यावर, आमी बघू न्हाई असं?”

उत्तर द्यावं लागतंय याचाच संताप होत होता. “सहा आकडे येत्याल,” मी म्हणाले. “पन ते मला येत्याल. दाबा तितं.”

लोक बघत होते म्हणून असेल, त्यांनी दाबलं. मग पडद्यावर आलेलं तेही वाचलं. ‘या ईमेलवरून यापुढे या खात्यात प्रवेश करता येणार नाही.’

“म्हंजे आता मला हितनं आत येता यायचं न्हाई?”

ते आयुष्यात कधी त्या टूलमध्ये गेले नव्हते. आत काय असतं हेही त्यांना माहीत नव्हतं. तरी चेहरा पडला. एरवी मी म्हणाले असते, तसं न्हाई वो आबा.

“न्हाई,” मी म्हणाले. मग त्यांच्या शेजारी बाकावर बसले आणि फाइल उघडली.