जंतूंची शाळा नसते

पत्रक लिहायला मी लालबागच्या आमच्या खोलीत शिकले. एक आरोपी, एक मागणी, शेवटी उद्गारचिन्ह. मी लिहायची आणि आत्या घड्या घालायची, वाटीच्या बुडाने कागद दाबून. तिला वाचता बेताचंच यायचं. मजकूर माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची नि विचारायची, "ह्यात कोणाक शिव्या घातलंस?" त्या दुपारांइतकं सुख मला नंतर कुठल्या मोर्चात मिळालं नाही.

त्या वर्षीचं पत्रक अँटिबायोटिकवर होतं. मथळा माझाच: 'कोर्स अर्धवट सोडणारा समाजाचा गुन्हेगार!' खाली लिहिलं होतं की अर्धवट औषधामुळे जंतू शिकतात आणि पुढच्या वेळी औषधाला दाद देत नाहीत. आत्याने सगळ्या घड्या घातल्या. पत्रकं वाटायच्या आधीच तिला थंडी वाजून ताप भरला.

लघवीचा संसर्ग होता. परळच्या हॉस्पिटलात तिला दाखल केलं. चाचणीचा रिपोर्ट आला, नेहमीची औषधं निकामी. माझ्याच वयाचा डॉक्टर तिला म्हणाला, "आजी, मागे गोळ्या अर्ध्यावर सोडल्यात ना?"

"एक गोळी खाल्लेली नाय मी. काढा पितंय."

"सगळे असंच म्हणतात," म्हणत त्याने केसपेपरवर इंग्रजीत ओळ खरडली. काय लिहिलं, हे आत्याने मला विचारलं. मी सांगितलं: पूर्वी गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडला. ती भिंतीकडे तोंड करून पडली.

आणि मी काय केलं? घरी येऊन तिची पत्र्याची पेटी उपसली. लुगडी, रेशनकार्ड, सुपारीचा डबा. गोळ्यांची पट्टी शोधत होते. सापडली नाही, तरी मनात म्हटलं, टाकून दिली असेल. माझ्या पत्रकाला आरोपी हवा होता ना! लाज वाटते लिहिताना, पण ते तसंच झालं.

वरच्या मजल्यावरची ताई एका लॅबमध्ये जंतूंच्या तपासण्या करायची. तिला रिपोर्ट दाखवला, पत्रकही दिलं. वाचून हसलीच ती. "जंतू शिकतात? शाळा आहे का त्यांची?"

"मग?"

"अगं, काही जनुकं एका जागी टिकून बसतच नाहीत. जंतूच्या मुख्य डीएनएवरून निघून त्याच्याच पोटातल्या एका छोट्या गोल डीएनएवर जाऊन बसतात. त्या गोलाला प्लाझ्मिड म्हणतात. दोन जंतू एकमेकांना चिकटले की त्या गोलाची नक्कल दुसऱ्याकडे जाते. दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी."

"नातं नाही, गोतं नाही?"

"काही लागत नाही. औषध हाणून पाडायचं जनुक त्या गोलावर असेल, तर दुसऱ्यालाही ते फुकट मिळतं."

"म्हणजे ज्याने गोळीच खाल्ली नाही, त्याच्या पोटातही?"

"पाण्यातून, भाजीतून, कुणाच्या हातातून, कुठूनही येईल. कुठून आलं ते हा कागद सांगत नाही. औषधांचा मारा जिथे जास्त, तिथे बाकीचे मरतात आणि असले फोफावतात. माणसांना उगाच दिलेली औषधं, कोंबड्यांना चारलेली, कारखान्यातून नाल्यात सोडलेली. तू मात्र पकडलंस कुणाला, तर चाळीतल्या बायकांना!"

मी तिच्या हातातलं पत्रक परत घेतलं. 

दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन आत्याला सगळं सांगितलं, पेटीचंही. पेटीचं तिने कानाआड केलं.  मग म्हणाली, "म्हणजे मसाल्याच्या डंकावर होता तसाच. आपल्या आधी कोणाचो मसालो कुटलो, आपणाक काय ठावक? त्येचा तिखट आपल्या डब्यात येताच." ताईने अर्धा तास घेतला होता, हिला दोन वाक्यं पुरली.

"पत्रक बदलते," मी म्हटलं.

"ता मगे. आधी त्या डॉक्टराक बोलव."

तो हातात नव्या औषधाचं इंजेक्शन घेऊनच आला. आत्याने हात पदराखाली घेतला.

"आजी, हात द्या."

"ती ओळ खोड."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ताईने सांगितलेलं मी त्याला सांगू लागले, तेवढ्यात तोच म्हणाला, "माहितीये हो मला, परीक्षेत लिहिलंय मी हे." मग स्वतःशीच ओशाळल्यासारखा थांबला. केसपेपर मांडीवर घेऊन त्याने ती ओळ खोडली, वर 'पूर्वी अँटिबायोटिक घेतलेलं नाही' असं लिहिलं, आणि आत्याच्या सांगण्यावरून मराठीत वाचूनही दाखवलं.

"तुझ्या आयशीन बरा वळण लावल्यान तुका," आत्या म्हणाली आणि हात पुढे केला. "टोच आता."