छेद घालवायची शिकवणी

बायकोला बीजगणित शिकवायला बसलो आणि पहिल्याच समीकरणात माती खाल्ली. ३/क्ष + १/२ = २, एवढंच होतं. छेदांचा लसावी २क्ष. त्या २क्षने मी दोन्ही अपूर्णांकांना ऐटीत गुणलं, छेद गेले, जीव सुखावला. उजवीकडच्या दोनाला छेदच नव्हता, मग त्याला कशाला हात लावा? क्ष आला उणे चार.

गवार निवडता निवडता तिने ते उत्तर परत समीकरणात घालून पाहिलं. डावीकडे उणे पाव, उजवीकडे दोन. "पंगतीत ज्याच्या पानात भाजी नाही, त्याला बुंदीसुद्धा वाढायची नाही का?" तिने विचारलं. मी दोनालाही मुकाट्याने गुणलं.

आम्ही तेव्हा देवळाली प्रवऱ्याला राहत होतो. मी साखर कारखान्यात कारकून. लग्नाआधी तिची मॅट्रिक गणितात अडकली होती, आणि ती सुटल्याशिवाय शिक्षिकेच्या ट्रेनिंगला अर्ज करता येत नव्हता. बाहेरची शिकवणी कशाला, मी आहे ना, असं सासऱ्यांसमोर मीच बोलून बसलो होतो. त्या भरात तिला एक नियमही ठासून सांगितला होता: 'उत्तर नाही' असं पेपरात कधी म्हणजे कधी लिहायचं नाही.

पेपर श्रीरामपूरला होता. शाळेसमोरच्या रसवंतीत मी उगाच रसावर रस पीत बसलो. ती बाहेर आली आणि शेवटच्या समीकरणाला 'उकल नाही' असं लिहिल्याचं तिने अगदी सहज सांगितलं. वर, ते बरोबर धरलं तरच पासापुरते मार्क जुळतील, हेही सांगितलं. मी अर्धा ग्लास तसाच ठेवून तिच्याकडून प्रश्नपत्रिका ओढून घेतली.

एस.टी. स्टँडच्या बाकावर प्रश्नपत्रिका मांडीवर घेतली. क्ष/(क्ष − ३) = २ + ३/(क्ष − ३). या खेपेला कुणालाच उपाशी ठेवलं नाही. क्ष बरोबर तीन.

"आलं की उत्तर," मी रडवेल्या आवाजात म्हणालो. "लिहायचंस तरी."

"छेदात घाला ते."

घातलं. तीन वजा तीन, छेद शून्य. शून्याने भागायची तर सोयच नाही. म्हणजे खरोखरच उकल नव्हती. माझ्या त्या उणे चारापासून ती कुठलंही उत्तर परत घालून पाहिल्याशिवाय सोडत नव्हती म्हणे. मला इतकं हलकं वाटलं की देवळालीची गाडी समोरून निघून गेली, तरी मी बाकावर हसत बसून होतो.

निकाल लागला, ती पास झाली. पेढ्यांचा पुडा घेऊन मी आळीत निघालो, तेव्हा ती दारातून म्हणाली, "अहो, तुम्ही शिकवलंत असं खुशाल सांगा. काय शिकवलंत, तेवढं नका सांगू."