सोफ्याशेजारचा बुद्ध

थंडी पडली की आईचे गुडघे धरतात. खडवलीला नदीवरून वारा येतो आणि आमच्या तिथल्या घरावर पत्रा आहे. बाबा गेल्यापासून ती त्या घरात एकटीच राहायची. मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऊब हवी आणि जमिनीवर बसणं बंद. तेव्हा कुठे बाईसाहेब ठाकुर्लीला माझ्याकडे यायला तयार झाल्या, तेही ‘थंडीपुरती’ अशी अट घालून. मला तिला कायमचीच ठेवून घ्यायची होती. पण तसं बोलले असते तर ‘लेकीकडे किती दिवस राहायचं’ हे पालुपद सुरू झालं असतं. म्हणून ठरवलं, घरच असं उबदार करायचं की तिचा पाय निघू नये.

मी कामाला लागले. हॉलमधली पांढरी ट्यूब काढून पिवळे दिवे लावले, कारण ट्यूबखाली आमचा हॉल दवाखान्यासारखा दिसायचा. खिडकीला जाड पडदे आले. सोफ्यावर मऊ खोळ चढली, तिच्यावर आईच्याच जुन्या लुगड्यांची गोधडी. नवरा म्हणाला, “तुझी आई येतेय की मुलगी बघायला पाहुणे?” मी लक्ष दिलं नाही.

एक कोपरा मात्र मी फोनमधल्या फोटोवरून हुबेहूब उतरवला. सोफ्याच्या शेजारी जमिनीवर बुद्धाचा मोठा चेहरा, मागे मंद दिवा, पुढे पितळी घंगाळात पाणी आणि शेवंतीची फुलं. तो चेहरा मी शीळफाट्याच्या रस्त्यावरच्या एका दुकानातून आणला होता. मनात म्हटलं, लोक शोभेला बुद्ध ठेवतात, आपला तर तो घरचाच. आई खूश होईल.

आई आली. पिशवी खाली ठेवण्याआधी तिने त्या कोपऱ्यापाशी जाऊन हात जोडले. मूर्ती इतकी खाली होती की वाकताना तिला सोफ्याचा हात धरावा लागला. “छान केलंयस गं. हॉटेलसारखं,” ती म्हणाली. मग समोरच्या भिंतीपाशी गेली आणि भिंतीला टेकून सरळ फरशीवर बसली.

पहिल्या दिवशी मला वाटलं, सवय. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. खाली बसताना ती “आई गं” करायची, उठताना मला हात द्यावा लागायचा. जेवण फरशीवर, भाजी निवडणं फरशीवर, टीव्हीसुद्धा तिथूनच. गोधडी घडी घातलेली तशीच.

“सोफा काय चावतो तुला?”

“मला खालीच बरं वाटतं.”

“डॉक्टर काय बोललेले आठवतंय ना?”

ती मेथीची जुडी सोडवत राहिली. माझा स्वभाव तापट आहे, आणि तोंडाला लगाम नाही हे मला आईनेच लहानपणापासून ऐकवलेलं आहे. मी म्हणाले, “जावयाचा सोफा म्हणून चालत नाही का? मग तसं सांग ना तोंडाने!”

“तसं काही नाही गं,” एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात तिचे गुडघे सुजले. मी शेक दिला, तो रागारागाने दिला. रात्री जेवताना ती हळूच म्हणाली, “रविवारी मला खडवलीला सोड.” मी एवढं करूनही ती चालली, याचंच मला दुःख होतं. शनिवारपर्यंत मी तिच्याशी धड बोलले नाही.

शनिवारी सकाळी मी लादी पुसायला घेतली. घंगाळ बाल्कनीत ठेवलं आणि तो चेहरा उचलून आत कपाटाच्या माथ्यावर. पाणी बदलून परत आले, तर आई सोफ्यावर. पाय वर घेऊन, गोधडी गुडघ्यांवर ओढून, मांडीवर मटारची परात. मला बघून ती दचकली. चोरी पकडल्यासारखी पाय खाली घ्यायला लागली.

मी त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं आणि मला सगळं कळलं.

खडवलीच्या घरात बुद्धाच्या मूर्तीसाठी फळी ठोकताना बाबा भिंतीला पाठ लावून उभे राहिले होते. घरात तेच सर्वांत उंच. त्यांच्या डोक्याच्या उंचीला खूण करायला लावून तिच्या वर त्यांनी फळी मारली. खुणेची पेन्सिल माझ्याच हातात होती.

“आई, बोलली का नाहीस?”

“तो खाली जमिनीवर, आणि मी वर गादीवर पाय पसरून. कसं बसायचं बाई?” मग मटार सोलत म्हणाली, “तू एवढ्या हौसेने मांडलेलंस. हिरमुसली असतीस.” थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, “पण नुसतं मुंडकं कशाला आणलंस गं? अख्खा बुद्ध मिळत नव्हता?”

मी तिच्या पायाशी फरशीवर बसले आणि रडले. दोन आठवडे मी तिला ऊब देत होते आणि दोन आठवडे ती माझ्यासाठी गार फरशीवर बसली होती. लादी तेव्हा खरोखरच बर्फासारखी लागली.

रविवारी आम्ही खडवलीला गेलो, कारण ती तसं म्हणाली होती आणि अडवायला मला तोंड उरलं नव्हतं. कुलूप काढून ती आत गेली. मी तिची पिशवी घेऊन दारातच उभी राहिले.

“पिशवी राहू दे,” ती आतून म्हणाली. “स्टूल आण. माझा हात पुरत नाही.”

मी स्टुलावर चढले. फळीवरून मूर्ती उतरवून तिच्या हातात दिली. वंदनेला नेसायच्या पांढऱ्या साडीत आईने ती गुंडाळली आणि छातीशी धरली.

“फळीपण काढ,” ती म्हणाली. “आणि तिकडे लावताना आधी जावयाला भिंतीला उभं कर. तो उंच आहे.”