आजीच्या कोनाचं बी

आजीच्या बाराव्याला आईच्या हातून जे झालं, त्यानंतर देवी आमच्या घराकडे पुन्हा बघेल की नाही, याची मला खात्री नव्हती. माणसं अंदाजापेक्षा जास्त आली, भाजी कमी पडायला लागली, आणि धांदलीत आईनं कोपऱ्यात राखेत ठेवलेले कोन उकडायला टाकले. कोन म्हणजे आमच्या जोयड्याकडे परसात लावतात तो कंद. पण हे खायचे नव्हते. आतून गडद जांभळे, आजीनं लागवडीसाठी राखलेलं ते बी होतं. पंगतीत सगळ्यांनी वाखाणून खाल्लं. पातेलं रिकामं झाल्यावर आईच्या लक्षात आलं.

आजी म्हणजे आईची आई, माहेर दिग्गीचं. नवरा लवकर गेला. भाताची मजुरी करून आणि कोनावर दिवस काढून तिनं आईला वाढवलं. दरवर्षी पहिला कोन रानातल्या देवीला. देवीशी ती शेजारणीसारखी बोलायची. "यंदा डुकरं आवर बाय, न्हाईतर तुला सालटंच मिळतील!" आई मात्र आता देवीकडे जाईना, दिवाही लावेना. "तिनं जन्मभर राखलं, मी एका दुपारी शिजवलं," एवढंच म्हणायची. गावात शोधलं, पण सगळीकडे पांढरा कोन. लागवडीचे दिवस संपत आले होते. मी एकटीच देवीसमोर जाऊन उभी राहिले. शाळेतल्या इंग्रजी प्रार्थनेशिवाय मला काहीच पाठ नव्हतं. मग तीच पुटपुटले आणि लाजून परत आले.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी बाजाराला जीपनं जोयड्याला निघालो. समोर एक म्हातारी पायाशी पोतं घेऊन बसली होती. पोत्यातून कोन डोकावत होता, आणि जिथे साल खरचटली होती तिथे जांभळा रंग. आईनं माझा हात घट्ट धरला.

"मावशी, हा कोन कुठला?"

"माझ्या परसातला. लेकीकडं लावायला नेतेय. इकायचा न्हाई हां!"

"इकत मागत न्हाई गे," आई म्हणाली, आणि तिथेच तिचा बांध फुटला. रडत रडत तिनं सगळं सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मग चव कशी हुती ते तरी सांगा अक्का!" सगळी जीप हसली. रडता रडता आईही हसली.

म्हातारी मात्र आईकडे टक लावून बघत होती. "तुझी आई कुठली?"

"दिग्गीची. शेवंती."

"अगे, शेवंतक्काची तू?" तिनं मांडीवर थाप मारली. "हे बी तिचंच की! डुकरांनी माझा एक वेल ठेवला नव्हता, तवा तिनं पदरात घातलं. तवा मी पोटुशी, लेकराला व्हईल म्हणाली. तीच माझी लेक, तिच्याकडंच हे चाललंय बघ!"

मी चक्क ओरडले! हजेरीलाही हळू आवाजात बोलणारी मी, भर जीपमध्ये "आई, आजीचं बी!" म्हणून ओरडले. ड्रायव्हरनं ब्रेक मारला.

म्हातारीनं दोन कोन आईच्या ओटीत घातले. तेवढ्यात खिडकीजवळची बाई संकोचत म्हणाली, "आमाला बी एक तुकडा देशील काय गे?" मी आईचा पदर ओढला. एवढंच तर होतं आमच्याकडे! आईनं ओटीतल्या दोन कोनांकडे पाहिलं. मग ड्रायव्हरच्या सीटखालचा कोयता मागितला, एक कोन मधोमध कापला आणि अर्धा तिच्या हातात ठेवला. "लाव. फुटंल."

हे देवीनं केलं का, हे मी कुणाला पटवून देणार नाही. मला एवढंच उमगलं, की आजीनं राखेत ठेवलेलं बी आम्ही संपवलं होतं, आणि तिनं देऊन टाकलेलं आमच्याकडे परत आलं होतं. आपण किती घट्ट धरून बसतो! आता परसात दोन वेल आंब्यावर चढलेत. परवा शेजारीण पुढच्या लागवडीसाठी बी मागायला आली, तेव्हा आईच्या आधी मीच म्हणाले, "व्हय, कोन काढले की घेऊन जा."